देवानं लावलेले मोह

आमच्या कोंढ्याकडे झाड कोणाचं, हे कोणाला विचारावं लागत नसे. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभं असलं तर त्या शेतवाल्याचं, परसात असलं तर त्या घरवाल्याचं, देवळापाशी असलं तर साऱ्या गावाचं. माझ्या वडिलांनी शेताच्या धुऱ्यावर आंबे लावले होते आणि उन्हाळाभर आम्ही बहिणी डोक्यावर घागरी नेऊन त्यांना पाणी घालत असू. त्यामुळे लावलेलं झाड आणि आपसूक आलेलं झाड यांतला फरक मला नुसत्या नजरेनं कळायचा. लावलेलं झाड शेजारच्या झाडाला जागा सोडून उभं असतं. आपसूक आलेलं झाड मिळेल तिथे घुसतं, वाकतं, दुसऱ्याचं ऊन ओढून घेतं.

आणीबाणी लागली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी साकोलीकडे आले. सासरचं गाव एकोडीच्याही पलीकडे, धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं अशा जागी. नवरा साकोलीला कापडाच्या दुकानात कामाला होता. सकाळच्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला परत यायचा. सासरे वारले होते. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. भिंतीला भिंत लागून चुलत दीर राहत. शेती दोन्ही घरांची एकत्रच होती, आणि बोलण्यात शेवटचा शब्द दिराचा.

फाल्गुन संपत आला तशी आत्याबाईंनी मला मोहफुलं वेचायला सोबत नेलं. उजाडायच्या आत आम्ही बाया टोपल्या घेऊन निघालो. नाला ओलांडला की जंगल. मला भीती वाटत होती, पण थोडं आत गेल्यावर भीतीपेक्षा नवलच जास्त वाटू लागलं. दाट झाडी एका जागी अचानक विरळ झाली आणि समोर मोहाची मोठी झाडं उभी राहिली. खाली एक काटेरी झुडूप नाही. पालापाचोळा आदल्या आठवड्यात जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली. त्यावर पिवळसर फुलांचा सडा. आणि प्रत्येक बाई न बोलता, न विचारता आपापल्या झाडाखाली जाऊन बसली, जसं लग्नाच्या पंगतीत आपापल्या पाटावर बसावं.

"हे आपले," आत्याबाई म्हणाल्या. "ह्या चिचेपासून त्या दगडापर्यंत. तिकडचे दिराचे."

"कोणी लावले?" मी विचारलं.

"मोह कोनी लावते काय वो बाई? देवानं लावले."

मी वर बघितलं. झाडं एकमेकांच्या फांद्यांना फांद्या लागणार नाहीत इतक्या अंतरावर होती. मध्येच एक चिंच होती, पुढे आणखी एक चिंच, आणि दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ ओढता आली असती. चिंच रानात कुठून येते? देव एवढा व्यवस्थित असेल, यावर माझा विश्वास बसेना. पण नवी सून होते. फुलं वेचायला बसले.

ऊन चढायला लागलं तेव्हा पलीकडच्या टेकडीवरून एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, हातभर गोंदण, काखेत टोपली. तिनं कोणाला रामराम केला नाही. आमच्या झाडांमध्येच एक वाकलेला मोह होता. त्याच्या खोडाला तिनं कपाळ टेकवलं आणि त्याच्याच खाली वेचायला बसली. आत्याबाईंची बोटं फुलं उचलता उचलता थांबली.

"हे झाड आपलं नाही का?" मी हळूच विचारलं.

"हाये. वेचू दे तिले." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "तिच्याकडं पाहू नोको. तिनं काही देलं तं खाऊ नोको. समजलं?"

"काहून?"

"इचारू नोको."

त्या दिवसापासून मी त्या म्हातारीकडेच बघत राहिले. पाहू नको म्हटल्यावर आणखी काय होणार! पाठीवर घोंगता, पावसातली खोळ, घेऊन बसावं तशी ती वाकून बसायची, एकेक फूल उचलून फुंकायची आणि टोपलीत टाकायची. तोंडात काहीतरी पुटपुटायची. गावातल्या बायांनी मला सांगून टाकलं की ती मंतर म्हणते. टेकडीपलीकडच्या एका वाडीत लेकीकडे राहते, आणि तिची नजर लागली की दूध आटतं.

मोहाचा हंगाम संपता संपता एक दिवस आत्याबाई टोपली घेऊन पुढे गेल्या आणि मी मागे राहिले. म्हातारी उठून माझ्याजवळ आली.

"कोनत्या गावची वो तू?"

"कोंढ्याची."

"लय दूर देलं तुले." तिनं पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातावर मूठभर चारं ठेवली, चारोळीची काळी, पिकलेली फळं. "खा. ह्या रानात अशी चारं एकाच झाडाले लागतात. ते झाड माया बापानं राखलं."

राखलं हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. रान कोणी राखतं का? मी घाबरून चारं कमरेला खोचली, आणि घरच्या वाटेवर घाबरतच दोन तोंडात टाकली. गोड होती. बाकीची फेकून दिली.

पावसाळ्यात मला थंडी वाजून ताप आला. जंगलालगतच्या गावात असा ताप दर घरात एकाला तरी यायचा. पण त्याच आठवड्यात, ऐन रोवण्याच्या दिवसांत, आमच्या जोडीतला एक बैल चिखलात बसला तो उठलाच नाही. चुलत दीर ओसरीवर येऊन आत्याबाईंना म्हणाले, "काकू, हे तिचंच काम हाये. दरसाली आपल्या झाडाखाली येऊन बसते, काहीतरी पुरत असन. पुढच्या साली तिले येऊच देत नाई मी."

मी आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडले होते. चारं खाल्ल्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं आणि आता तर सांगणं शक्यच नव्हतं. मला वाटत होतं की आत्याबाई दिराच्या बोलण्याला मान डोलावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "तिच्या नादी लागू नोको."

"भेता काय तिले?"

"तुले काय करायचं?"

मला त्या उत्तराचा विचार पडला. करणीला भिणारी माणसं मी माहेरी पाहिली होती. ती दाराला लिंबू-मिरची बांधतात, मांत्रिकाकडे जातात, उतारा टाकतात. आत्याबाईंनी यातलं काहीच केलं नाही. बैल मेला तरी केलं नाही. त्यांची भीती वेगळी होती. एखाद्या माणसाला आपल्याबद्दल काही माहीत असावं आणि ते त्यानं चारचौघांत बोलू नये म्हणून आपण त्याच्याशी जपून वागावं, तशी ती भीती होती. ताप उतरला तेव्हा माझा संशय म्हातारीवरून उठून आमच्याच घरात येऊन बसला होता.

पुढच्या वर्षी दीर खरंच आले. मोहाखाली बायांच्या कामात पुरुष येत नाहीत, पण ते हातात कुऱ्हाड घेऊन त्या वाकलेल्या झाडाला टेकून उभे राहिले. म्हातारी टेकडी उतरून आली, त्यांना पाहिलं, आणि थांबली.

"इथून पुढं ह्या झाडाखाली यायचं नाई," दीर म्हणाले. "तुया आज्यानं लावला काय वो हा मोह?"

"आज्यानं नाई," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मोह लावत नाई कोनी. आपसूक उगवला. माया मायनं काट्याची कुपाटी केल्ती त्याले, बकऱ्या खातात मनून. घराच्या मांगं होता."

"घर? इथं जंगल हाये बुढे. इथं कुठचं घर?"

म्हातारीनं टोपली खाली ठेवली. झाडाच्या पलीकडे थोडी चालली, इकडेतिकडे बघितलं, आणि एका जागी बसून हातानं पाला बाजूला करायला लागली. मग माती. नखांनी, बोटांनी. आम्ही साऱ्या बाया आपापल्या झाडाखालून उठून जवळ गेलो. मला मनातून वाटलं होतं की आता काहीतरी पुरलेलं निघणार, बाहुली, हाडं, टाचण्या. मातीतून दगडाची गोल कड निघाली. तिनं आणखी माती उपसली. ते उखळ होतं. धान कांडायचं, जमिनीत बसवलेलं, आमच्या प्रत्येकीच्या घरात असायचं तसंच उखळ. आतला दगड घासून गुळगुळीत झालेला.

मी खाली बसून आत हात घातला. थंड, ओली माती, आणि खाली ते गुळगुळीत बूड. किती बायांनी किती वर्षं मुसळ मारलं की दगड असा होतो, ते मला माहीत होतं.

शेवटी दीर म्हणाले, "जुना दगड हाये. कोनाचा बी असन."

"हव," म्हातारी म्हणाली. "कोनाचा बी असन. तुया काकूले इचार."

आत्याबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भरलेली टोपली तिथेच ठेवून घराकडे चालायला लागल्या. कुऱ्हाड खांद्यावर टाकून दीरही गेले. म्हातारी झाडाखाली बसली आणि फुलं वेचू लागली, जसं काही झालंच नव्हतं. दोन्ही टोपल्या मी घरी आणल्या.

त्या दिवशी मी विचारलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "जुन्या काळात लोक रानातच धान कांडत असन." मला ते पटलं नाही. हे त्यांनाही पटलं नसावं, कारण बऱ्याच दिवसांनी, अंगणात मोहफुलं वाळत घालताना, त्या आपण होऊन बोलल्या.

"तिथं गाव होतं मनतात. मी नाई पाह्यलं. माया सासूनं पाह्यलं. मानमोडीच्या तापाच्या साथीत गाव ओस पडलं. जे वाचले ते आपल्या गावाकडं आले, लेकरंबाकरं घेऊन. आपल्या गावानं त्याईले नाल्याच्या ह्या काठाले येऊ नाई देलं."

"मग?"

"मंग काय? रोग होता. कोन येऊ देते? नाल्याच्या पलीकडंच राह्यले काही दिवस. मंग गेले कुठं तं."

"आणि त्यांची झाडं?"

"झाडं काय संगं नेता येतात?"

त्या फुलं हातानं पसरत राहिल्या. मी उठून पाणी आणायला म्हणून घरात निघाले आणि दाराशी थबकले. आमच्या घराचं दार सागवानी होतं, जाड फळ्यांचं, वर कोरलेली वेल. त्या मातीच्या घराला ते शोभण्यापेक्षा जरा जास्तच होतं. आणि ते चौकटीला पुरत नव्हतं. वरच्या बाजूला चार बोटं रुंद, वेगळ्या लाकडाची पट्टी जोडलेली होती. रोज त्या दारातून ये-जा करताना मी ती पट्टी बघत आले होते आणि सुतार अडाणी असेल असं समजत होते. दुसऱ्या चौकटीसाठी केलेलं दार दुसऱ्या घराला बसवलं तर असंच होणार. मी मागे वळून बघितलं. आत्याबाई माझ्याकडेच बघत होत्या.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "कायले उकरून राहिली? बाप गेला, आजा गेला. जंगलाचं काय, ते पहिलेपासून जंगलच हाये." तो दुकानातून थकून आलेला असायचा. पण पहिलेपासून हा शब्द त्यानं इतक्या पटकन वापरला की त्यालाही काही ठाऊक असावं, असं मला वाटलं. त्या दिवसांत मला सगळ्यांबद्दलच असं वाटायचं.

यानंतर मी म्हातारीशी बोलायला लागले, आधी चोरून, मग उघड. आत्याबाईंनी मनाई केली नाही, फक्त ती बोलत असली की त्या पाठ करून बसायच्या, आणि वेचायचं विसरायच्या. म्हातारी मला रान दाखवायची. हरणं जिथे पाणी प्यायची ते डबकं मी नुसतं डबकं समजत होते. तिनं मला त्याच्या कडेनं चालवलं. एका बाजूला उंच, सरळ पाळ होती, तिच्यावर साग आणि तेंदू एवढे वाढलेले की टेकडीचा उतारच वाटावा. "बोडी हाये ही, धानाच्या पान्याची," ती म्हणाली. "माया आज्यानं सारं गाव कामाले लावून पाळ घातली." बोडीच्या खाली जंगलात सपाट चौकोन होते, एकाखाली एक, प्रत्येकाला ढासळलेली कड. धानाच्या बांध्या. त्यांत आता बांबू होता.

"आमी रान तोडून शेत केलं तवा सारं तोडलं," तिनं सांगितलं. "मोह नाई तोडला. चार नाई तोडली, टेंभरून नाई तोडली. खायचं झाड ठेवायचं, बाकीचं काढायचं. ज्या मोहाचं फूल कडू, तो बी काढायचा. दरसाली खालचा पाला जाराचा. रानाले बी झाडझूड लागते वो बाई, घरासारखी."

म्हणजे ती विरळ, स्वच्छ, गोड फुलांची मोहाई, जी पाहून मला पहिल्या दिवशी नवल वाटलं होतं, ती अशी निवडून निवडून झाली होती. गाव गेल्यावर झाडांनी गाव झाकून टाकलं, पण निवड तशीच राहिली.

एकदा तिनं मला बोडीच्या पाळीवरून पायानं एक काळा, जड गोळा उकरून दाखवला. दगड नव्हता. लोखंड गाळल्यावर उरतो तसा जळका मळ, बुडबुड्यांनी भरलेला. "हे आमचं नाई," ती म्हणाली. "आमच्या आंधीच्या लोकायचं. माया आजा सांगे, आमी आलो तवा इथं एक बुढा आंबा होता, इहीर होती. मानूस नोता."

"ते लोक कुठे गेले?"

"काय मालूम."

"तुमच्या लोकांनी त्यांना घालवलं तर नाही?"

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत तिचे डोळे माझ्याशी बोलताना मऊ असत. आता तसे नव्हते. "तुया सासूनं तुले खरं सांगतलं काय?" ती म्हणाली. "मंग मी काहून सांगू?"

तिनं गोळा पाळीवरून खाली लोटून दिला. त्यानंतर तो हंगामभर ती माझ्याशी फारसं बोलली नाही. मला वाटलं, हिच्याही घराला कुठून तरी आणलेलं दार असेल.

ऐंशीनंतर जंगलाचे दिवस बदलले. जंगल खात्याचा गार्ड पूर्वीही होता, पण तो मोहाच्या दिवसांत डोळेझाक करायचा. आता एक नवे साहेब जीपमधून आले. शाळेच्या पटांगणात गावाला बसवलं. माणूस वाईट नव्हता. रागावला नाही, धमकावलं नाही. "हे आपल्या जिल्ह्याचं भाग्य आहे," ते म्हणाले. "माणसाचा हात न लागलेलं मूळचं जंगल आहे. याला आग लावू नका. एक काडी जाळून तुम्ही शेकडो वर्षांचं जंगल संपवता."

मी बायांमध्ये बसले होते. माझ्या मनात आलं की उठावं आणि म्हणावं, साहेब, चला, तुम्हाला एक उखळ दाखवते. मी उठलेही असते. पण शेजारी बसलेल्या आत्याबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. धरलं नाही, नुसता ठेवला.

घरी येताना त्या म्हणाल्या, "तिथं गाव होतं मनून सांगशीन तं साहेब काय मनन? आमच्या जंगलात घुसता, आता गाव बी काढलं. गार्ड रोज दारात येईन. आनि गाव होतं हे कागदावर चढलं, तं त्या गावाचे लोक इचारत नाई येईन काय, आमचं कोनं घेतलं?"

त्या इतकं स्पष्ट कधीच बोलल्या नव्हत्या. मी विचार करत राहिले. साहेबाला ते जंगल मूळचंच हवं होतं. आमच्या घराला, दिराला, साऱ्या गावाला ते मूळचंच हवं होतं. म्हातारी एकटीच होती जिला ते तसं नको होतं, आणि तिनंही आपल्या आधीच्या माणसांचा गोळा पाळीवरून लोटून दिला होता.

आग बंद झाली. पहिल्या वर्षी काही फरक पडला नाही. मग पाला साचत गेला, आणि त्यात रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं शिरली, लाल-पिवळ्या फुलांची, काटेरी, वासाची. मोहफुलं पडायची ती त्या जाळीत अडकून सडायची, अस्वलं यायची. गार्ड प्रत्येक बाईच्या कमरेला काडीपेटी आहे का म्हणून बघायचा. बायाही एकमेकींवर संशय घेऊ लागल्या, की कोणी तरी चहाडी सांगते म्हणून. एका उन्हाळ्यात कुठून तरी आग लागलीच. पूर्वी पाल्यावरून सरपटत जाणारी आग घोट्याएवढी असायची. ही माणसाच्या उंचीची होती. मोहांच्या साली भाजल्या. कोणी लावली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. गावानं म्हातारीचं नाव घेतलं, गार्डनं दिराचं.

म्हातारी आता फार वाकली होती, पण यायची. तिच्या झाडाखाली जाळी एवढी माजली होती की तिला बसता यायचं नाही. ती काठीनं फांद्या बाजूला करायची, दोन-चार ओंजळी वेचायची आणि परत जायची. आमच्या झाडांखाली आम्ही विळ्यानं साफ केलं होतं. तिचं झाड मधोमध तसंच रान होऊन उभं. मीच ते साफ करावं असं माझ्या मनात होतं, पण आत्याबाईंना काय वाटेल म्हणून हात लावला नाही.

एका सकाळी मला जाग आली तेव्हा आत्याबाई घरात नव्हत्या. विळा नव्हता, खराटा नव्हता. मी टोपली घेऊन धावत रानात गेले. वाकलेल्या मोहाखालची सारी जाळी कापून बाजूला ढीग केली होती. जमीन अंगण झाडावं तशी झाडलेली, खराट्याच्या रेघा दिसत होत्या. त्यावर नुकती फुलं पडायला लागली होती. आत्याबाई आपल्या झाडाखाली बसल्या होत्या. हातांवर काट्यांचे ओरखडे, लुगड्याला पालापाचोळा. मी शेजारी टोपली ठेवून बसले.

म्हातारी आली. टेकडी उतरून झाडाशी पोचली आणि थांबली. खोडाला कपाळ टेकवायला पुढे गेली नाही. ती त्या झाडलेल्या जमिनीकडे बघत राहिली, मग आमच्याकडे.

"कोनं झाडलं?"

आत्याबाई खाली बघून वेचत राहिल्या.

"काहून झाडलं?" तिनं काठीचं टोक जमिनीत खुपसलं. "इतल्या सालानं काहून आठोन झाली? काय टाकलं इथं?"

तेव्हा मला कळलं. तिच्याही घरी तिच्या मायनं तिला सांगितलं असणार, नाल्यापलीकडच्या गावाचं काही खाऊ नको, त्या लोकांनी आपल्याला काठावर उभं ठेवलं. आम्ही तिच्या हातचं खायला भीत होतो, आणि इतकी वर्षं तीही आमच्या सावलीला भीत होती. भीत भीत दर वर्षी त्या झाडाखाली येऊन बसत होती.

"काही नाई टाकलं," मी म्हणाले. "माय, बसा. नुसतं झाडलं आहे."

"तू चूप बस."

ती टोपली उचलून निघाली. थोडी गेली असेल, तोवर आत्याबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. त्या झाडाखाली गेल्या, वाकून त्या झाडलेल्या जमिनीवरचं एक फूल उचललं, आणि म्हातारी बघत असताना तोंडात टाकलं. चावलं. मग दुसरं उचललं. मग तिसरं. कच्च्या मोहफुलांचा वास डोक्यात चढतो, त्यांना तो कधीच सोसत नसे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते वासानं की कशानं, मी सांगू शकत नाही.

म्हातारी उभीच होती. बऱ्याच वेळानं ती परत आली, झाडाखाली बसली, एक फूल उचललं, उलटंसुलटं करून बघितलं, फुंकलं आणि टोपलीत टाकलं. खाल्लं नाही. आत्याबाई आपल्या झाडाखाली गेल्या. मग दोघी पाठीला पाठ करून वेचत राहिल्या.

जाताना म्हातारी आमच्याजवळून गेली. थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "उद्या मी नाई आलो तं वेचून घेजा. सडवू नोका."

दुसऱ्या दिवशी ती आली. पुढची काही वर्षंही येत राहिली. त्या वर्षांत आत्याबाई दर फाल्गुनात त्या झाडाखाली झाडायच्या आणि म्हातारी दर वेळी बसण्याआधी जमीन काठीनं उकरून बघायची. एकमेकींच्या घरी त्या कधी गेल्या नाहीत. नाल्याच्या काठावर नेमकं काय झालं होतं, कोण आलं होतं, कोणी अडवलं होतं, आमच्या घरातून कोण त्या ओस गावात पहिल्यांदा शिरलं, हे आत्याबाईंनी मला कधी सांगितलं नाही. मी शेवटी विचारणं सोडून दिलं, कारण त्या खरं सांगतील याची मला खात्री नव्हती, आणि सांगितलं तर ते त्यांना तरी पुरतं ठाऊक आहे का, याचीही नव्हती.

मग एका वर्षी म्हातारी आली नाही. तिच्या झाडाखाली फुलं पडत राहिली. आम्ही चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी आत्याबाईंनी मला टोपली दिली आणि म्हणाल्या, "जा, वेच. तिनं सांगतलं होतं." मी वेचायला बसले. आजूबाजूच्या बाया माझ्याकडे बघत होत्या, पूर्वी त्याच झाडाखालच्या म्हातारीकडे चोरून बघायच्या तशा. त्यांच्या नजरेत काय होतं, ते मला चांगलंच समजत होतं.